मॅडमची सहावी कात

आमच्या घरात मला 'शालू' म्हणतात आणि विंचवाला 'मॅडम'. यावरून घरातला मानपान लक्षात यावा.

मॅडम म्हणजे इंगळी. काळी कुळकुळीत, तळहाताएवढी, पुढचे दोन पंजे खेकड्यासारखे जाडजूड. बैठकीतल्या कपाटाच्या खालच्या खणात, मासे ठेवायच्या जुन्या काचेच्या पेटीत त्यांचा मुक्काम असतो. पेटीत चार बोटं माती, फुटक्या कौलाचा एक तुकडा आणि बाटलीच्या झाकणात पाणी. आठवड्याला एक झुरळ. त्यांचे यजमान म्हणजे माझे सासरे जानराव, ज्यांना मी मामाजी म्हणते. माझा नवरा प्रीतम या व्यवहारात कुठेच नाही. तो औषधाच्या कंपनीत आहे, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असतो आणि उरलेले दहा दिवस झोपण्याआधी चादर तीनदा झटकतो.

मामाजी अकोल्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरीला होते. कागदावर 'परिचर', तोंडी 'ए जानराव'. बेडूक आणायचे, झुरळं धरायची, विंचू मारायचे, फॉर्मालिनच्या बरणीत भरायचे, वर चिठ्ठी चिकटवायची, हे काम. माणूस अबोल, पण आकड्याच्या बाबतीत महाकर्मठ. एकदा कॉलेजात तपासणीची समिती आली. प्राचार्यांनी त्यांना सूक्ष्मदर्शक तीस आहेत म्हणून सांगितलं होतं. समितीतल्या एका बाईंनी सहज मामाजींना विचारलं, तर हे म्हणाले, "बावीस. त्यातले चार बंद." प्राचार्य वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मामाजींना त्याचं काही वाटलं नाही, कारण ते आधीही बोलत नव्हतेच. आजही लग्नाहून आल्यावर पंगतीला किती माणसं होती असं विचारलं, तर 'असतील दोनेकशे' असं उत्तर या माणसाकडून मिळत नाही. एकशे त्र्याऐंशी, मिळतं.

मॅडम घरात आल्या त्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी. कॉलेजात प्राणी कापणं केव्हाचंच बंद झालं होतं, पण पातूरकडचा एक माणूस जुन्या सवयीनं डब्यात एक इंगळी घेऊन आला. तिच्या पाठीवर पिल्लं होती. प्राणिशास्त्राचे सर म्हणाले, फेका. मामाजींनी फेकली नाही. स्कूटरवर डबा घेऊन पातूरच्या डोंगरापर्यंत गेले आणि सगळा लेकुरवाळा संसार दगडाखाली सोडून आले. घरी येऊन डबा धुवायला घेतला, तर कडेला तांदळाच्या दाण्याएवढं एक पिल्लू चिकटलेलं. आता एवढ्याशा जिवाला एकटं कुठं सोडणार?

मी तेव्हा ठणकावून सांगितलं होतं, "या घरात एक तं ते राहीन, नाई तं मी!"

मामाजींनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "तू तं दिवसभर दुकानातच असते."

दुकान म्हणजे जुन्या शहरातलं माझं बांगड्यांचं दुकान. माझी आई मोर्शीच्या बाजारात बांगड्या भरायची, तिच्याकडून मी शिकले. असो. तर मी हरले आणि पिल्लू राहिलं. चार वर्षांत त्यानं पाचदा कात टाकली आणि त्याची मॅडम झाली. प्रत्येक कातीला मामाजी पेटीसमोर स्टूल टाकून बसायचे. जेवायला बोलावलं तर हातानं 'थांब' म्हणायचे. बाळंतपणाच्या खोलीबाहेर नवरे बसतात, तसे. आता सहावी कात ही शेवटची, त्यानंतर मॅडम पूर्ण वाढलेल्या होणार, असं ते महिनाभर सांगत होते. एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस, त्यातली चार मॅडमवर खर्च करत होता.

आणि गेल्या मे महिन्यात, नेमकं तेव्हाच, मामाजींच्या डोळ्याचा पडदा सरकला.

दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू आधीच पिकलेला, म्हणजे दिसणारा डोळा हा एकच. धावपळ करून अमरावतीला नेलं. तिथे माझी नणंद दीपमाला असते. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता दहा दिवस पालथं झोपायचं, मान खाली, आणि त्यानंतरही दोन आठवडे हालायचं नाही, दीपमालाकडेच राहायचं. जाताना ते मला एवढंच म्हणाले होते, "मॅडमकडे पाह्यजो." डोळ्याबद्दल एक शब्द नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. आमच्या विंचवाचं माझ्या डोक्यावर आलं.

पहिल्या आठवड्यातच मॅडमनी जेवण सोडलं. झुरळ टाकलं, त्याच्याकडे पाठ केली. अंगाचा काळा रंग जाऊन राखेसारखा मळकट झाला, पोट टरारून फुगलं. मी फोन केला. पलीकडे मामाजी पालथे, फोन उशीखाली स्पीकरवर.

"मामाजी, मॅडम जेवत नाई."

"रंग?"

"मळका. पोट फुगलं."

"कात येऊन राहिली," ते म्हणाले, आणि आवाजात असा आनंद की मला पेटीजवळ जाऊन पुन्हा बघावंसं वाटलं. "ते झुरळ काढ बाहेर. आता काहीच टाकू नोको. पानी ठेव. माती ओली ठेव. हात लावू नोको."

"किती दिवस?"

"तिले वाटन तितके."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हे. पण मी ऐकलं. झुरळ काढलं, कूलर पेटीकडे वळवला. बाहेर अकोल्याचा मे, पारा शेहेचाळीस. मातीवर दिवसातून तीनदा पाणी शिंपडत होते आणि स्वतःवर चिडत होते, की मी हे का करून राहिले.

असे अकरा दिवस गेले. पोट फुगलेलंच, रंग मळकाच, आणि मॅडम कौलाखाली मुकाट. मग बुद्ध पौर्णिमा आली. दरवर्षी विहारात खीर करायचं काम माझ्याकडे असतं. त्या दिवशी मी पातेलंभर खीर ढवळली आणि रस्त्यानं जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून पाजली. नको म्हणणाऱ्याला दोन वाट्या. भर उन्हात एकजणही उपाशी गेला नाही याचं मला फार समाधान वाटत होतं. सायंकाळी घरी आले, पेटीसमोर पाणी शिंपडायला वाकले. गावाला खाऊ घातलं आणि घरातला जीव अकरा दिवस उपाशी!

मामाजींचं सांगणं आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण मला वाटलं, आग्रह केल्याशिवाय माणूस तरी जेवतो का? मोरीच्या कोपऱ्यात रातकिडा होता. वाटीखाली धरला आणि पेटीत सोडला. "आजच्या दिवशी तं जेव व मॅडम," असं म्हणालेसुद्धा. मग झाकण लावून मोकळ्या मनानं झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला म्हणून दुकान बंद करून आले तर लाइट गेलेली. कूलर बंद, घर भट्टी. पेटीची माती वाळून भेगाळली होती, आणि मॅडम कौलाबाहेर येऊन उलत होत्या. डोक्याच्या पुढच्या कडेला जुनं कवच उघडलं होतं आणि त्यातून पांढरं, ओलं, कणकेच्या गोळ्यासारखं काहीतरी पुढे सरकत होतं. इतकं मऊ की बघायलाच भीती वाटावी. चार वर्षं मामाजी स्टुलावर बसून काय बघत होते ते मला त्या क्षणी कळलं.

आणि मग मला रातकिडा दिसला. मॅडमच्या मागे उभा राहून तो त्यांचा पाय खात होता.

मी किंचाळले. झाकण काढलं, मामाजींचा लांब फोर्सेप टेबलावरून घेतला, रातकिडा उचलला आणि खिडकीबाहेर भिरकावला. डावीकडचा शेवटचा पाय अर्धा गेला होता. तुटल्या जागी निळसर पाण्याचा एक थेंब आला होता. मॅडमना पळता येत नव्हतं, नांगी मारता येत नव्हती, अंगात कसली ताकदच नव्हती. ज्या किड्याला त्या एरवी एका घासात गिळतात, तो त्यांना जिवंत खात होता, आणि तो मीच वाढला होता.

लगेच मामाजींना फोन लावला. पायाचं मात्र सांगितलं नाही. जीभ वळलीच नाही.

"मामाजी, मॅडम अडकल्या."

"कुठं?"

मी निरखून पाहिलं. अंग बरंच बाहेर आलं होतं, शेपटी निघत होती. पण उजवा पंजा जुन्या पंजात मनगटापर्यंत रुतून बसला होता. मॅडम ओढायच्या, थांबायच्या. प्रत्येक खेपेला थांबणं लांबत होतं.

"उजवा पंजा," मी म्हणाले. "कात वाळली मामाजी. लाइट गेली होती. चिकटून बसली."

पलीकडे नुसता पंख्याचा आवाज. अमरावतीत लाइट होती.

"अटकून राहिली तं?" मी विचारलं.

"तं मरन." मग थोड्या वेळानं, "ओला टावेल टाक पेटीवर."

टाकला. "फोर्सेप हाती आहे माह्या. तुमी सांगा, कुठून धरू, कसं ओढू."

 

"शालू," ते म्हणाले, "मले नाई येत हे."

"असं काय म्हन्ता! एकतीस वर्षं तुमी..."

"ते सगळे मेलेले होते व. मेलेल्याचा पाय कसाही सरळ करता येते. जित्याले कसा हात लावतात, मले कोनी सांगतलं नाई." आणि मग, ज्या माणसानं डोळा जायची वेळ आली तरी हूं की चूं केलं नव्हतं, तो माणूस म्हणाला, "तिले मरू देऊ नोको."

मी फोर्सेप खाली ठेवला. मला दुसरं काही येत नाही, बांगड्या येतात. मे म्हणजे लग्नांचा महिना. दिवसाला तीस चाळीस हात माझ्या हातात येतात. जाड हात, घामेजलेले, सुजलेले, घाबरून मूठ आवळलेले. बांगडी अडकली की नवखी माणसं ओढतात. ओढली की ती फुटते आणि मांसात जाते. आई म्हणायची, "बांगडी हातात जात नाई, हात बांगडीत जाते. त्याले टाइम दे." आधी भिजवायचं. मग थांबायचं. आणि थांबताना पोरीशी बोलत राहायचं, कारण बोलत राहिलं की ती हात ढिला सोडते.

दीपमालाच्या पोरांच्या इथेच राहिलेल्या रंगपेटीतला बारीक ब्रश घेतला, माठातल्या पाण्यात बुडवला आणि जुन्या पंजाच्या कडेवर एक थेंब सोडला. थेंब आत शिरला. थांबले. दुसरा सोडला. मॅडमनी ओढलं, काही झालं नाही. तिसरा.

"हात ढिला सोड व," मी म्हणाले. "कावून एवढी आवळून बसली? कोनी नेऊन नाई राहिलं तुले. कोन्या गावची तू, पातूरची ना? मंग माहेर जवळच आहे की. मी मोर्शीची. मले पाह्य बरं किती लांब दिलं. सासरा तरी बरा भेटला आपल्या दोघींले. बोलत नाई, पण बरा आहे. ओढू नोको. घे दम. लाइट येईन आता."

हे सगळं मी रोज दुकानात बोलते, त्यात मला काही विशेष वाटलं नाही. फोन शेजारी चालूच होता आणि मामाजी ऐकत होते, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. एक थेंब, थांबणं, बोलणं. टॉवेल वाळला की पुन्हा भिजवणं. घामानं माझी पाठ भिजली, पोटात अन्न नाही, गुडघे बधिर. मध्ये एकदा मॅडम इतका वेळ हालल्या नाहीत की मी त्यांच्या नावानं हाक मारली. मग नवा पांढरा पंजा जुन्यातून केसभर सरकला. परत केसभर. आणि एकदम, साबण लावलेल्या हातातून बांगडी निघावी तसा, अख्खा बाहेर आला.

"निघाली!" मी ओरडले. "मामाजी, निघाली!"

"पंजा सरळ आहे?"

"थोडा वाकडा वाटते. पन हालून राहिला."

"होईन सरळ. पाय?"

मी बघितलं. अर्धा तुटलेला पाय जुन्या कातीतच राहिला होता. पांढऱ्या अंगाला आता सात पाय होते.

"आठ," मी म्हणाले.

"बरं," मामाजी म्हणाले. नाक ओढल्याचा आवाज आला. "तू जेव आता."

मी जेवले नाही. फोन ठेवून घड्याळ पाहिलं, अडीच तास झाले होते. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. चोराच्या मनात चांदणं. मॅडम हळूहळू तांबूस झाल्या, मग काळ्या, पहिल्यापेक्षा जास्त काळ्या. तुटल्या जागी खपली धरली. नवव्या दिवशी फोर्सेपनं अर्धं झुरळ दिलं, ते त्यांनी फोर्सेपमधून ओढून घेतलं. सात पायांनी त्या अशा चालायच्या की न मोजणाऱ्याला कळलं नसतं. पण आमच्या घरात मोजणारा होता. मी नेटवर शोधलं, पाय परत येतो का. शेवटच्या कातीनंतर येत नाही. आणि रोज फोनवर मामाजी विचारायचे, "कशी आहे?" आणि मी म्हणायचे, "मस्त."

मामाजींना माझा राग येईल ही भीती नव्हती. राग त्यांना येतच नाही. मला वाटत होतं, ते काही बोलणार नाहीत, नुसते पेटीसमोरून उठून जातील. आणि मग पुन्हा मला काही सोपवणार नाहीत. हे मला सहन होणार नव्हतं, ते मला तेव्हा कळलं. अकरा वर्षं या माणसाशी भांडण्यात गेली आणि मला तो माझ्या बापासारखा झाला होता, आणि मी त्याला खोटा आकडा दिला होता.

जूनच्या सुरुवातीला प्रीतम त्यांना घेऊन आला. काळा चष्मा, मान अजून जपून. चहा दिला, तो तसाच ठेवला. हात धुऊन आले, स्टूल ओढलं आणि पेटीला नाक लावून बसले. चष्मा काढला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. 

मॅडम कौलावर होत्या, भर उजेडात. मामाजींनी काचेवर बोट ठेवलं.

"एक. दोन. तीन. चार." बोट दुसऱ्या बाजूला गेलं. "पाच. सहा. सात."

बोट थांबलं. जिथे पाय नव्हता तिथे ते बराच वेळ थांबलं.

"आठ," मामाजी म्हणाले.

"चला, बरं झालं," प्रीतम म्हणाला आणि चादर झटकायला आत गेला.

मी पेटीशी जाऊन खाली बसले. "सात आहेत मामाजी," मी म्हणाले, आणि मग सगळंच बाहेर आलं. खीर, रातकिडा, उपाशी राहील म्हणून, खोटं बोलले म्हणून. रडत रडत सांगितलं, नाक पदराला पुसत सांगितलं. मामाजी मॅडमकडेच बघत होते.

"मले ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी पायाचं विचारलं अन् तू थांबून 'आठ' म्हनली, तवाच आवाजावरून समजलं. आन् रोज 'मस्त' म्हनत होती. तू कोन्या गोष्टीले मस्त म्हनते?"

"मंग तुमी आठ कावून म्हनलं?"

त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि थंडगार झालेला चहा उचलला.

"तू आठ सांगतले होते," मामाजी म्हणाले. "एका घरात दोन आकडे कायले?"